बाईंनी टाकलेला शब्द

आमच्या खालच्या मजल्यावर एक माजी मंत्री राहतात, हे मला त्या घरात राहायला येऊन वर्ष उलटल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी त्या म्हणजे कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवली म्हणून मला जिन्यात थांबवून ऐकवणारी एक खडूस म्हातारी होत्या. द हेगमध्ये हे असंच असतं. ट्राममध्ये तुमच्याशेजारी गुडघे चोळत बसलेली व्यक्ती कुठली राजदूत होती, ते सांगता येत नाही.

बाई कॅरिबियनमधल्या, डच राज्यातल्याच एका छोट्या बेटाच्या. सकाळी गाडी काढली तर सगळं बेट बघून जेवायला घरी परत, एवढाच त्यांचा देश. पण त्या एवढ्याशा बेटाचं राजकारण आपल्या कुठल्याही जिल्हा परिषदेला पाणी पाजेल असं. बाई आधी तिथे शाळेत शिकवायच्या. मग निवडणुकीला उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि आरोग्यमंत्री झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई. पुढे एक निवडणूक हरल्या, तेव्हा बेटाच्या सरकारने त्यांना आपल्या प्रतिनिधी म्हणून इथे द हेगला पाठवलं. तिथून डच परराष्ट्र खात्याने त्यांना उचललं, आणि निवृत्त होईपर्यंत त्या वेगवेगळ्या वकिलातींत फिरल्या. काही वर्षं दिल्लीतही होत्या. मी आणि माझा नवरा आपसात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो, कारण त्यांचं बोलणं शाळेतल्या बाईंसारखंच होतं. वाक्य पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आधी आपल्या बेटावर परत जायचं. हे त्या लपवून वगैरे सांगत नसत. भाजी आणायला जायचंय, इतक्या सरळ आवाजात म्हणायच्या, “मला तिथे मरायचंय. माझ्या बहिणीशेजारी माझी जागा आहे.” लग्न केलं नव्हतं, मूल नाही. त्या बहिणीची एक मुलगी तिथे होती, ती वाट बघत होती.

करोनाचं वर्ष उजाडलं तेव्हा बाईंची जायची सगळी तयारी झाली होती. एप्रिलचं तिकीट होतं. घरातलं सामान फेब्रुवारीतच जहाजाने रवाना झालं होतं. पलंग, कपाटं, पुस्तकं, भिंतीवरचे फोटो, सगळं. एका पाहुण्यांच्या खाटेवर आणि दोन सुटकेसांवर त्या महिना काढणार होत्या. आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. बेटावर रुग्णालय एकच, त्यामुळे त्यांनी विमानतळाला कुलूपच घातलं. एप्रिलअखेर भाचीने व्हिडिओ कॉल करून दाखवलं की सामान सुखरूप पोचलंय. बाईंचा पलंग तिकडे मांडलेला, वर चादर घातलेली. माणूस मात्र इकडे रिकाम्या घरात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी तिथल्या तिथे वरून दोन खुर्च्या, एक टेबल, कढई आणि चार ताटं खाली नेली. बाई म्हणाल्या, “नको, माझं चाललंय.” आता आपल्याकडे पहिलं ‘नको’ कोण ऐकतं? मी सामान ठेवून वर आले. दुसऱ्या दिवशी डाळ-भात नेला, परत ‘नको’, परत ठेवून आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दारात उभं केलं आणि म्हणाल्या, “माझ्या धंद्यात ‘नको’ म्हणजे नको असतं. समोरचा पुन्हा आग्रह करत नाही, नाहीतर तो अपमान ठरतो.”

“आमच्याकडे आग्रह न करणं हा अपमान ठरतो,” मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि ताट घेतलं. दिल्लीत असताना हे आपल्याला कोणी सांगितलं असतं तर कितीतरी जेवणावळींतून उपाशी परतावं लागलं नसतं, असं म्हणाल्या. बाई हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

मग रोजचंच झालं. माझं ऑफिस घरातल्या घरात, नवऱ्याचं शेजारच्या खोलीत, लेकीची शाळा डायनिंग टेबलावर. दिवसभर तिघांच्या तीन मीटिंगा ऐकून डोकं भणाणायचं. साडेपाचला मी चहाचे दोन कप घेऊन खाली जायची. त्या खिडकी उघडून आत बसायच्या, मी बाहेर फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून. मधे दीड मीटर अंतर ठेवायचा नियम, तो बाई डोळ्यांनी मोजून पाळायला लावायच्या. नियमाच्या बाबतीत त्या जरा अतीच होत्या. मी म्हणायची, “अहो, अति तिथे माती.” त्याचं इंग्रजी करून सांगितलं की त्या म्हणायच्या, माती आम्हा बेटवाल्यांना तशीही कमीच मिळते.

त्या खिडकीत मला त्यांचं सगळं राजकारण कळलं. त्या मंत्री झाल्या तेव्हा बेटावरच्या मोठ्या आजाराच्या माणसांना उपचारासाठी बाहेर पाठवायला लागायचं, बरेचदा हॉलंडला. पैसा ठरावीक, जागा ठरावीक. कोणाला पाठवायचं ते मंत्र्याच्या घरी ठरायचं. पहाटेपासून अंगणात माणसं येऊन बसायची. कोणी कोंबडी घेऊन, कोणी मासे घेऊन, कोणी मंत्र्याच्या मामेसासूची चिठ्ठी घेऊन. ज्याची ओळख त्याचं विमान. बाईंनी पहिल्याच आठवड्यात फाटकाला कुलूप घातलं. डॉक्टरांची एक समिती केली. आजार किती गंभीर ते ती समिती ठरवणार, त्याप्रमाणे यादी लागणार आणि ती यादी रुग्णालयाच्या दारावर चिकटवणार, म्हणजे सगळ्यांना दिसावी. मंत्र्याने त्यात नाव वर-खाली करायचं नाही. फोन आला तर ठेवून द्यायचा.

“आणि लोक खूश झाले?” मी विचारलं.

“वर्षभर झाले. मग ज्याच्या-त्याच्या घरात कोणीतरी आजारी पडलं.”

त्यांच्याही घरात पडलं. धाकटी बहीण. हृदयाच्या झडपेचं दुखणं. समितीने तिचं नाव यादीत घातलं, पण वरती काही जण तिच्याहून वाईट अवस्थेत होते. मुख्यमंत्र्यांनी स्वतः सांगितलं, तू नुसती मान हलव, बाकीचं मी बघतो. बाईंनी मान हलवली नाही. बहीण तिच्या नंबरची वाट बघत बघत गेली. तिची मुलगी, म्हणजे ही भाची, तेव्हा शाळेत होती.

आणि पुढची निवडणूक बाई त्याच गोष्टीवर हरल्या. मला वाटलं होतं, लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. पण लोक म्हणाले, जी सख्ख्या बहिणीची झाली नाही ती आपली काय होणार. बाई हे सांगताना जराही चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “त्यांचं चूक नव्हतं. मतदाराला आपलं माणूस हवं असतं.” मग इथे येऊन त्या परराष्ट्र खात्याच्या बंद दारांबाहेर खुर्चीत बसायला शिकल्या. मुत्सद्देगिरी म्हणजे दुसरं काय असतं, त्या म्हणायच्या, बाहेर बसून कंटाळा न दाखवणं.

मला हे सगळं ऐकून त्यांच्याबद्दल आदर वाटला असेल, असं तुम्हाला वाटेल. वाटलाच, नाही कशाला म्हणू. पण रागही आला. मी पुण्याची. आमच्याकडे मूल पोटात असतानाच हॉस्पिटलात ओळख काढून ठेवतात. शाळेचा प्रवेश असो, गॅसचं कनेक्शन असो की स्मशानातली वेळ, “कोणी ओळखीचं आहे का बघ” हे वाक्य घरात सगळ्यात आधी उच्चारलं जातं. आणि आपल्या माणसासाठी शब्द टाकला नाही तर तो शब्द ठेवायचा तरी कशाला, असं मानणाऱ्या घरात मी वाढले.

त्यामुळे मे महिन्यात बेटाच्या सरकारने अडकलेल्या लोकांसाठी विमानं सोडायला सुरुवात केली, तेव्हा मी बाईंच्या मागेच लागले. विमानांसाठी यादी होती. आधी उपचारासाठी आलेले रुग्ण, मग विद्यार्थी, मग तिथले कायमचे रहिवासी, आणि बाईंसारखे नुसतेच तिथे जन्मलेले सगळ्यात शेवटी. कारण त्यांचा पत्ता इथल्या नगरपालिकेत नोंदलेला. बेटाचा तेव्हाचा मुख्यमंत्री त्यांच्या मंत्रालयात त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. पहिलं भाषण बाईंनी त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं.

“एक फोन करा त्याला,” मी म्हटलं.

“नाही.”

“अहो, तुम्ही सत्तरी कधीच ओलांडलीय. रिकाम्या घरात खाटेवर झोपताय. कोण नावं ठेवणार आहे तुम्हाला?”

“कोणीच नाही. म्हणूनच.”

“तुमचं सगळं आयुष्य गेलं त्या बेटासाठी. त्या बेटाने तुमच्यासाठी एक खुर्ची द्यायला काय हरकत आहे?”

बाईंनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. “मी शेकडो लोकांना सांगितलंय की यादी म्हणजे यादी. त्यातले बरेच आता जिवंत नाहीत. मी आता फोन केला, तर त्यांना जे सांगितलं ते खोटं होतं असा अर्थ होईल. माझ्या बहिणीला धरून.”

मी कप उचलले आणि वर आले. नवऱ्याला म्हटलं, या बाईंना तत्त्वाचा दगड गळ्यात बांधून समुद्रात उडी मारायची हौस आहे. तो म्हणाला, तू जरा हळू बोल, खाली सगळं ऐकू जातं. आमच्या त्या जुन्या घरांना मजल्यांमधे नुसत्या लाकडी फळ्या. खरंच सगळं ऐकू जायचं.

जुलैत माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. करोना नव्हता, पण हॉस्पिटलं करोनाने भरलेली, म्हणून डॉक्टरांनी थोड्याच दिवसांत घरी सोडलं. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, जमलं तर ये. पण लवकर ये.” भाऊ कधी असं बोलत नाही. तो सगळं बरंच आहे म्हणणाऱ्यांतला.

भारतात जाणाऱ्या विमानांचीही यादीच होती. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. व्हिसा संपलेले आधी, नोकरी गेलेले आधी, गरोदर बायका आधी, आणि ते बरोबरच होतं. माझ्यासारखी, जिचं इथे घर आहे, नोकरी आहे, नवरा-मुलगी इथेच आहेत, ती मागे. मी डॉक्टरांचे कागद पाठवले, पुन्हा पाठवले. ज्याला-त्याला फोन केले. आत्येभावाच्या मेहुण्याचे साडू मुंबईत कुठल्याशा खात्यात होते, त्यांच्यापर्यंत पोचले. सगळे म्हणाले, बघतो. ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे.

एका सकाळी भावाने व्हिडिओवर बाबांना दाखवलं. त्यांचा अर्धा चेहरा खाली ओघळलेला. मी “बाबा” म्हटलं, तर ते फोनच्या मागे, भिंतीकडे बघत राहिले. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. लहान मुलं रडतात तशी, लाज सोडून. मुलगी दारात येऊन “मामा, वॉट इज एर?” असं, म्हणजे ‘आई, काय झालं?’, डचमध्ये विचारत राहिली आणि मला तिला मराठीत काय, कुठल्याच भाषेत उत्तर देता येईना.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. बाई जिना चढून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर यायच्या नाहीत. मास्क लावलेला, दीड मीटर मागे उभ्या. म्हणाल्या, “तासाभराने खाली ये. वडिलांचे कागद घेऊन. आत नको, खिडकीपाशी.”

मी गेले तेव्हा त्या कपडे बदलून बसल्या होत्या. घरातला झगा काढून निळा कोट-स्कर्ट घातलेला, कानात मोती, पायात बूट. त्या रिकाम्या खोलीत, माझ्या खुर्चीशेजारी, जणू कुठे मेजवानीला निघाल्यासारख्या. फोन लावताना त्या उठून उभ्या राहिल्या. बसून मागितलं की आवाजात मागणं येतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

फोन दिल्लीला होता. त्या तिथे असताना ओळख झालेले एक मोठे अधिकारी, आता निवृत्त, पण अजून ज्यांचा शब्द चालतो असे. बाईंनी आधी त्यांच्या बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. मग नातवाची. मग दिल्लीच्या उन्हाळ्याची. मी खिडकीबाहेर नखं खात उभी. माझ्या बाबांचा तिथे जीव चाललाय आणि ह्या आंब्याबद्दल बोलताहेत. मग अगदी सहज, काहीतरी आठवल्यासारखं, त्या म्हणाल्या की माझी एक शेजारीण आहे. माझं नाव सांगितलं, बाबांचं वय, गाव, आजार, यादीचा क्रमांक, सगळं एका दमात आणि बिनचूक. विनंती केलीच नाही. त्याने ‘हो’ म्हणायच्या आधीच त्यांनी त्याचे आभार मानले. आभार मानलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं.

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. घाम फुटला होता त्यांना.

“होईल,” म्हणाल्या. “पण एक लक्षात ठेव. विमानातल्या खुर्च्या वाढत नाहीत. तू चढशील तेव्हा कोणीतरी उतरेल. त्याचं नाव तुला कधी कळणार नाही. त्यालाही वडील असतील.”

मी त्यांचे पाय धरले असते, पण मधे खिडकी होती. त्या क्षणी मला त्या उतरणाऱ्या माणसाचं काही वाटलं नाही, हे खरं आहे. मला फक्त बाबा दिसत होते.

आठवडा व्हायच्या आत मला जागा मिळाली. विलगीकरणाचे दिवस पुण्यात एका हॉटेलच्या खोलीत काढले आणि घरी पोचले. बाबा होते. मी जवळ जाऊन बसले तर डाव्या हाताने माझी वेणी चाचपली. वेणी कधीच कापून टाकली होती मी, त्यामुळे हात मानेवर तसाच फिरत राहिला. मग त्यांनी मला ‘चिमे’ म्हटलं. लहानपणापासून तेच एकटे म्हणायचे. शब्द अर्धाच आला, पण आला. त्या आठवड्यात ते गेले. मी होते, आई होती, भाऊ होता. बाकी कोणाला येता आलं नाही.

परत यायला मला हिवाळा उजाडला. कागदपत्रं, बंद विमानं, आईला भावाकडे रुळवणं. मी आले तेव्हा इथे संध्याकाळची संचारबंदी लागायची बोलणी चालू होती, आणि खाली बाई खोकत होत्या.

त्यांचा नंबर आला होता. मी पुण्यात असताना, नोव्हेंबरमध्ये. यादी सरकत सरकत शेवटी त्यांच्यापर्यंत पोचली आणि बेटाच्या कार्यालयातून फोन आला, या, तुमची जागा आहे. पण तोवर फुफ्फुसं बिघडली होती. फॅमिली डॉक्टरने विमानात चढायचा दाखला दिला नाही. आठ-नऊ तासांचा प्रवास आहे, म्हणाला, वाटेत काही झालं तर काय करणार. बाईंनी ती जागा परत केली, आणि यादीत पुढच्या माणसाला मिळाली का याची चौकशीही केली.

हे मला नवऱ्याने सांगितलं. मी खाली गेले ती भांडायलाच गेले. बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, “मे महिन्यात फोन केला असतात तर आज तिकडे पलंगावर असतात.”

“हो,” त्या म्हणाल्या.

“मग माझ्यासाठी का केलात? मी तुमची कोण लागते? स्वतःसाठी नाही, बहिणीसाठी नाही, आणि माझ्यासाठी?”

त्यांना बोलायला दम लागत होता. त्या थांबून थांबून म्हणाल्या, “तू रडत होतीस. मी खाली बसून ऐकत होते. माझी बहीण कधी रडली नाही. फार शहाणी होती ती. मी भेटायला गेले की मलाच विचारायची, जेवलीस का. ती एकदा जरी तुझ्यासारखी रडली असती...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वाक्य अर्धं सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

मी त्यांच्या पायाशी बसले. दीड मीटर वगैरे त्या दिवशी दोघींपैकी कोणीच पाळलं नाही.

मार्चमध्ये बाई गेल्या. हॉस्पिटलात एकाच माणसाला जाता यायचं, त्यांनी माझं नाव दिलं होतं. शेवटच्या दुपारी त्या त्यांच्या बेटाच्या भाषेत काहीतरी बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. मी नुसती हो-हो म्हणत होते, आणि त्याने त्यांना बरं वाटत होतं असं दिसत होतं.

चर्चमध्ये मोजकी माणसं, लांब लांब बसलेली. दोघं-तिघं जुने अधिकारी, बेटाच्या कार्यालयातली एक बाई, आम्ही तिघं. भाची लॅपटॉपच्या पडद्यावर. दफन तिथेच, बेटावर व्हायचं होतं, बहिणीशेजारी. पण शवपेट्या नेणाऱ्या मालवाहू विमानांनाही तेव्हा रांग होती. त्या वर्षी तिथले बरेच जण इथे वारले होते. परवानगी घेऊन बाईंना अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या थंड खोलीत ठेवलं. मी दर रविवारी ट्रामने जायची. आत सोडत नसत. बाहेर थोडी उभी राहायची आणि परत यायची. नवरा म्हणायचा, याने काय होणार? काही होणार नव्हतं. बाबांसाठी मला पोचता आलं होतं, बाईंना तेवढंही जमत नव्हतं, आणि मला घरात बसवायचं नाही.

एक दिवस भाचीचा फोन आला. ती आता चाळिशी ओलांडलेली, तिथल्या बँकेत नोकरीला. म्हणाली, “मुख्यमंत्र्यांचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या मावशीला थांबवून ठेवणं आम्हाला शोभत नाही. पुढच्याच विमानाने आणतो.”

“मग?”

“मी नाही म्हणाले.”

तीच पुढे बोलली. “माझी आई रांगेत गेली. मावशीपण रांगेतच येईल. ती आयुष्यात कोणासाठी एक शब्द बोलली नाही. आईसाठी नाही, कोणासाठीच नाही. तीच एक गोष्ट धरून मी तिच्याशी इतकी वर्षं नातं ठेवलं. ती सगळ्यांना सारखी होती. तेवढं तरी खरं राहू दे.” मग म्हणाली, “तुम्ही तिच्याजवळ होतात. मी बरोबर केलं ना?”

नवरा समोर बसला होता. फोन स्पीकरवर होता. त्याने मानेनेच खुणावलं, हो म्हण आणि सोडून दे. आणि तेच शहाणपणाचं होतं. गेलेल्या माणसाचं जे चांगलं उरलंय त्याला कशाला हात लावायचा. पण ती बाई तिकडे थंड खोलीत पडली होती, आणि ‘हो’ माझ्या तोंडातून बाहेर येईना.

मी सांगितलं. दिल्लीचा फोन, निळा कोट, बाबा, सगळं.

मग ती म्हणाली, “तुमच्यासाठी?”

“हो.”

“तुम्ही तिच्या कोण होतात?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “वरच्या मजल्यावर राहते मी.”

ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते, त्यात राग होता, आणि तो मला लागला तरी मी फोन ठेवला नाही. शाळकरी पोरीची आई गेली होती आणि तिला तेव्हा सांगितलं गेलं होतं की असंच असतं, सगळ्यांना सारखंच असतं. इतक्या वर्षांनी मी तिला सांगत होते की तसं नव्हतं. मलाही रडू येत होतं, पण मी आवाज होऊ दिला नाही. ते तिचं होतं.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसल्याचा आवाज आला.

“तुम्ही पोचलात का वेळेवर?” तिने विचारलं. “वडील होते?”

“होते.”

“ओळखलं त्यांनी तुम्हाला?”

“ओळखलं. नावाने हाक मारली.”

तिकडे कोंबडा आरवत होता. तिथे अजून सकाळच होती.

“मी मुख्यमंत्र्यांना आत्ताच फोन करते,” ती म्हणाली. “सांगते, पुढच्या विमानाने आणा. तिला स्वतःसाठी बोलता आलं नाही कधी. कोणीतरी बोलायला हवं.”